प्रो-लाइफ कोणाला म्हणायचं, आणि लॅटिन मिस्सेच्या भांडणाशी त्याचा काय संबंध

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही वसईच्या, आता न्यू जर्सीत राहता. तुमचे दीर जुन्या लॅटिन मिस्सेला, म्हणजे लॅटिनमधल्या जुन्या पद्धतीच्या कॅथलिक उपासनेला, जातात आणि म्हणतात की गर्भपाताविरुद्ध उभा राहतो तोच प्रो-लाइफ, म्हणजे जिवाच्या बाजूचा, बाकी सगळं राजकारण. तुमचे मिस्टर स्थलांतरितांना मदत करणाऱ्या सेंटरवर काम करतात, ते म्हणतात पोप लिओ स्वतःच बोलले की फाशीला पाठिंबा देणारा प्रो-लाइफ नाही, विषय संपला. आता एकत्र जेवायला बसलं की वाद होतो आणि मुलं ऐकत असतात. तुम्ही विचारलंय की चर्चच्या शिकवणीला धरून कोण बोलतंय, लॅटिन मिस्सावाले पोपला मानत नाहीत असं म्हणायचं का, आणि दिरांच्या मुलाला एसएसपीएक्सच्या, म्हणजे रोमशी बिनसलेल्या, जुनी परंपरा पाळणाऱ्या धर्मगुरूंच्या सोसायटीच्या, चॅपलमध्ये लग्न करायचंय ते चालतं का.

मी मूळची वसईकडचीच, इलिनॉयमध्ये बरीच वर्षं हॉस्पिटल चॅप्लन आहे, म्हणजे आजाऱ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना धार्मिक आधार देते, आणि आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) मोठ्या माणसांना कॅथलिक शिकवणीचे क्लासेस घेते. म्हणजे हे वाद मी वर्गात पण ऐकते आणि आयसीयूच्या बाहेर पण ऐकते.

सरळ उत्तर आधी. दीर एका गोष्टीत बरोबर आहेत, मिस्टर दुसऱ्या गोष्टीत बरोबर आहेत, आणि दोघंही आपली बरोबर बाजू पुढे करून दुसरी बाजू ऐकायचं टाळतायत. चर्च म्हणतं सगळे प्रश्न सारख्या वजनाचे नाहीत. हे दीर म्हणतात आणि ते खरं आहे. पण वजन कमी आहे म्हणून तो प्रश्न सोडून द्यायची परवानगी चर्च कुठेही देत नाही, आणि हे मिस्टर म्हणतात ते पण तितकंच खरं आहे.

आता पोप नक्की कशावर बोलले ते बघा, कारण ते वाक्य व्हॉट्सॲपवर अर्धंच फिरतं. 2025 च्या सप्टेंबरमध्ये शिकागोचे कार्डिनल क्युपिच यांनी सिनेटर डिक डर्बिन यांना स्थलांतरितांसाठी केलेल्या कामाबद्दल जीवनगौरव पुरस्कार द्यायचं ठरवलं होतं. डर्बिन कॅथलिक, पण गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने मतदान करत आलेले, आणि त्यांच्या स्वतःच्या स्प्रिंगफील्ड धर्मप्रांतात 2004 पासून त्यांना कम्युनियन, म्हणजे मिस्सेतला पवित्र प्रसाद, नाकारलेलं. तिथल्या बिशप पाप्रोकींनी जाहीर विरोध केला, मग आणखी काही बिशप त्यांच्या बाजूने उभे राहिले. 30 सप्टेंबरला कॅस्टेल गांडोल्फोमध्ये पत्रकारांनी पोप लिओंना विचारलं, तर ते म्हणाले की माणसाचं एकूण काम बघायला हवं, आणि गर्भपाताला विरोध पण मृत्युदंडाला पाठिंबा असं म्हणणारा खऱ्या अर्थाने प्रो-लाइफ नाही, आणि गर्भपाताला विरोध पण स्थलांतरितांना दिल्या जाणाऱ्या अमानुष वागणुकीला होकार असं म्हणणारा प्रो-लाइफ आहे का ते मला माहीत नाही. पुढे असंही म्हणाले की हे प्रश्न गुंतागुंतीचे आहेत, सगळं सत्य कोणा एकाकडे नाही, एकमेकांचा आदर ठेवा. हे शेवटचं फॉरवर्डमधून गळतं. त्याच दिवशी डर्बिननी पुरस्कार घेत नाही म्हणून कळवलं.

हे झाल्यावर इकडे आमच्या भागात इतका कडवटपणा आला की मिस्सेनंतर कॉफीला थांबणारी माणसं थांबेनाशी झाली. पण मी दोन्ही बाजूंना एक जुनी गोष्ट आठवून द्यायचे. 2020 च्या सप्टेंबरमध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथलिक प्रेयर ब्रेकफास्टमध्ये तेव्हाचे ॲटर्नी जनरल विल्यम बार यांचा एक कॅथलिक पुरस्कार देऊन सन्मान झाला. बार कॅथलिक, आणि फेडरल सरकारने सतराएक वर्षं न दिलेली फाशीची शिक्षा त्यांच्या खात्याने परत सुरू केलेली, 2020 च्या जुलैपासून 2021 च्या जानेवारीपर्यंत 13 जणांना मारलं, त्यातले दोन तर पुरस्काराच्या त्याच आठवड्यात. तेव्हा काही कॅथलिक लोकांनी निषेध केला, पण डर्बिनच्या वेळी जे एवढे चिडले त्यांच्यातल्या बहुतेकांनी तेव्हा तोंड उघडलेलं मला तरी दिसलं नाही. आणि बारच्या वेळी चिडलेल्यांना डर्बिनच्या वेळी एकदम सगळं समजून घ्यावंसं वाटलं. मला दोन्ही पुरस्कार चुकीचे वाटतात, हे माझं मत, तुम्ही सहमत व्हायलाच पाहिजे असं नाही.

आता शिकवणीकडे येते. गर्भपाताबद्दल चर्चची भूमिका नवी नाही, पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या दिदाखे नावाच्या छोट्या ग्रंथात गर्भ पाडू नका असं स्पष्ट लिहिलंय. मधल्या काळात संत थॉमस अक्विनस वगैरे मंडळी गर्भात आत्मा कधी येतो यावर वेगळं मानायची, तरी गर्भपात पाप आहे यावर कोणाचं दुमत नव्हतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे साठच्या दशकात रोममध्ये भरलेल्या जगभरच्या बिशपांच्या सभेने, त्याला अत्यंत भयंकर गुन्हा म्हटलं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1995 मध्ये ‘इव्हांजेलियुम व्हीते’ या पत्रात सगळ्यात ठाम भाषेत हेच सांगितलं. म्हणजे हे कृत्य कुठल्याही परिस्थितीत, कुठल्याही हेतूने योग्य ठरत नाही, यात ‘बघू, परिस्थितीनुसार ठरवू’ अशी जागा नाही.

स्थलांतराचा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे. कॅटेकिझमचा, म्हणजे चर्चच्या अधिकृत शिकवणीच्या पुस्तकाचा, 2241 नंबरचा परिच्छेद काढून दोघांनाही वाचायला द्या, छोटा आहे. त्यात लिहिलंय की श्रीमंत देशांनी आपल्या कुवतीप्रमाणे परक्याला जागा द्यायला बांधील असावं, सरकारला सार्वजनिक हितासाठी अटी घालता येतात, आणि आलेल्या माणसाने त्या देशाचे कायदे पाळावेत. तिन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात. किती लोक घ्यायचे, व्हिसाचा कोटा किती, सीमेवर काय करायचं, यावर दोन चांगले कॅथलिक वेगवेगळं मत देऊ शकतात, कारण तिथे परिस्थिती बघून निर्णय घ्यायचा असतो. दिरांचं बरोबर आहे ते इथपर्यंत. 2004 मध्ये कार्डिनल रॅट्झिंगर, जे पुढे पोप बेनेडिक्ट झाले, त्यांनी अमेरिकन बिशपांसाठी एक टिपण पाठवलं होतं, त्यात स्पष्ट आहे की सगळ्या नैतिक प्रश्नांचं वजन गर्भपात आणि इच्छामरणाएवढं नाही, युद्ध आणि मृत्युदंडाच्या वापराबद्दल कॅथलिकांमध्ये मतभेद असू शकतात. लॅटिन मिस्सावाल्यांच्या ग्रुपमध्ये हे टिपण पाठ असतं.

पण पुढे वाचा ना. त्याच व्हॅटिकन परिषदेच्या ‘गौदियुम एत स्पेस’ या दस्तऐवजाच्या 27 व्या परिच्छेदात माणसाच्या जिवाविरुद्ध आणि प्रतिष्ठेविरुद्ध जाणाऱ्या गोष्टींची यादी आहे, त्यात खून, वंशसंहार, गर्भपात, इच्छामरण आहे आणि त्याच यादीत छळ आहे, गुलामगिरी आहे, डिपोर्टेशन पण आहे, कामगारांना नुसतं नफ्याचं साधन म्हणून वापरणं पण आहे. 1993 मध्ये जॉन पॉल दुसऱ्यांनी ‘व्हेरितातिस स्प्लेंडोर’ या पत्रात नेमकी हीच यादी मुळातच वाईट असलेल्या कृत्यांची उदाहरणं म्हणून परत दिली. आता याचा अर्थ प्रत्येक बेकायदेशीर राहणाऱ्याला परत पाठवणं म्हणजे पाप असा नाही, तसा अर्थ काढणारे मिस्टर थोडे पुढे जातायत, ती यादी लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर युद्धाच्या काळात गाड्या भरभरून हाकललेली माणसं होती. पण ज्याला गर्भपाताचा शब्द त्या यादीत दिसतो त्याला पुढचे शब्दही दिसले पाहिजेत. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या बिशपांनी सरसकट सामूहिक डिपोर्टेशनला विरोध करणारं निवेदन 216 विरुद्ध 5 मतांनी काढलं. हेच बिशप गर्भपाताला अग्रक्रमाचा प्रश्न म्हणत आलेत. त्यांना यात विसंगती वाटली नाही.

आणि हे कागदावरचं नाही. 2025 च्या जुलैमध्ये कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनोच्या बिशपांना लोकांना रविवारच्या मिस्सेच्या बंधनातून सूट द्यावी लागली, कारण लोक पकडले जाण्याच्या भीतीने चर्चला यायला घाबरत होते. माझ्याच हॉस्पिटलात एक गरोदर बाई रक्तस्राव सुरू झाल्यावरही उशिरा आली, कारण नवरा म्हणत होता बाहेर कोणी उभं असेल तर. तिचं बाळ वाचलं. त्या बाईच्या बाबतीत गर्भाचा प्रश्न कुठे संपतो आणि स्थलांतराचा कुठे सुरू होतो हे मला कोणी दाखवून द्यावं.

हाच विचार शिकागोचे कार्डिनल जोसेफ बर्नार्डिन यांनी 1983 च्या डिसेंबरमध्ये फोर्डहॅम विद्यापीठात मांडला होता, येशूच्या बिनशिवणीच्या अंगरख्याची प्रतिमा त्याला चिकटली, योहानाच्या शुभवर्तमानात वधस्तंभाखाली शिपाई जो अंगरखा फाडत नाहीत तो. त्या वर्षीच बिशपांनी अण्वस्त्रांविरुद्धचं पत्र काढलं होतं, त्याच्या समितीचे अध्यक्ष बर्नार्डिन होते, आणि त्यांचं म्हणणं साधं होतं की बॉम्बखाली मरणारा आणि गर्भात मरणारा दोन्ही निरपराध, तर दोन्हींसाठी एकच तत्त्व लागू. त्यांनी स्वतः स्पष्ट केलं होतं की हे प्रश्न वेगवेगळे आहेत, एकात एक मिसळून टाकायचे नाहीत. पण झालं काय, बऱ्याच कॅथलिक राजकारण्यांनी त्याचा वापर असा केला की माझ्या दहापैकी आठ गोष्टी बरोबर आहेत ना, मग गर्भपाताचं सोडा. परंपरावाल्यांना या अंगरख्याचं नाव काढलं की राग येतो तो यामुळे, आणि तो राग अगदीच बिनबुडाचा नाही. चाळीस वर्षं त्यांनी क्लिनिकबाहेर पावसात जपमाळ म्हटली, गर्भपाताचा हक्क देणाऱ्या 1973 च्या रो निकालापासून तो काढून घेणाऱ्या 2022 च्या डॉब्स निकालापर्यंत दर जानेवारीत वॉशिंग्टनच्या थंडीत मोर्चाला गेले, आणि त्यांच्याच चर्चमधल्या लोकांनी त्यांना एका मुद्द्याचे वेडे म्हटलं. हे तुमच्या मिस्टरांनी एकदा तरी मान्य करावं असं मला मनापासून वाटतं, वादाची अर्धी धग तिथेच कमी होईल.

आता मृत्युदंड. हा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तुमच्या घरातली दोन भांडणं, प्रो-लाइफचं आणि परंपरेचं, इथे येऊन एक होतात.

जुन्या काळात चर्चने मृत्युदंड नाकारलेला नव्हता. अक्विनसने त्याचं समर्थन केलं. पोपच्या स्वतःच्या राज्यात जोव्हानी बुगात्ती नावाच्या एकाच जल्लादाने 1796 ते 1864 दरम्यान 500 हून जास्त लोकांना मारलं. 1929 मध्ये व्हॅटिकन सिटी झाल्यावर पोपवर प्राणघातक हल्ल्यासाठी मृत्युदंड कायद्यात होता, तो पोप पॉल सहावे यांनी 1969 मध्ये काढला. 1992 चा कॅटेकिझम अत्यंत गंभीर गुन्ह्यासाठी परवानगी देत होता. 1995 मध्ये जॉन पॉल दुसरे म्हणाले की आजच्या तुरुंगव्यवस्थेत अशी गरज फार क्वचित, जवळजवळ नाहीच, आणि 1997 मध्ये कॅटेकिझम त्याप्रमाणे बदलला. नुसतं लिहून थांबले नाहीत. 1999 च्या जानेवारीत सेंट लुईसला आले तेव्हा मिसूरीच्या गव्हर्नरना एका कैद्याचा जीव मागितला, आणि गव्हर्नर बाप्टिस्ट असूनही त्यांनी ती फाशी जन्मठेपेत बदलली. मग 2018 च्या ऑगस्टमध्ये पोप फ्रान्सिसनी 2267 वा परिच्छेद पुन्हा बदलला, आता तिथे मृत्युदंड अस्वीकारार्ह आहे असं लिहिलंय, कारण तो माणसाच्या प्रतिष्ठेवर घाला आहे.

यावर परंपरावाल्यांचा आक्षेप फाशीच्या प्रेमातून आलेला नसतो, निदान विचार करणाऱ्यांचा तरी. त्यांची भीती अशी, की दोन हजार वर्षं ज्याला परवानगी होती ते एका पोपच्या सहीने चूक ठरत असेल तर उद्या गर्भपाताबद्दलची शिकवण पण अशीच बदलणार नाही कशावरून? त्याच महिन्यात काही विद्वानांनी आणि धर्मगुरूंनी कार्डिनलांना जाहीर आवाहन केलं की पोपना हा बदल मागे घ्यायला सांगा. रोमचं उत्तर असं होतं की हा आधीच्या शिकवणीचा विरोध नाही, तिचा विकास आहे.

तर मूळ भांडण इथे आहे: चर्चची शिकवण वाढते का, आणि वाढते तर कशी? कार्डिनल न्यूमननी 1845 मध्ये यावर पुस्तक लिहिलं, ॲंग्लिकन चर्च सोडताना, आणि पोप लिओंनी 2025 च्या 1 नोव्हेंबरला त्यांना चर्चचे आचार्य, म्हणजे शिकवणीतले मोठे गुरू, घोषित केलं. न्यूमनची कसोटी मला वर्गात फार उपयोगी पडते. शिकवण वाढताना आपलं मूळ तत्त्व टिकवते का, आधी जे होतं त्याचं रक्षण करते का, की त्याला खोडून टाकते? रोप आणि झाड एकच असतं, पण बी आंब्याचं आणि झाड बाभळीचं असं होत नाही. आता ही कसोटी मृत्युदंडाला लावा. मूळ तत्त्व काय तर माणसाचा जीव देवाचा आहे आणि निरपराधाला मारायचं नाही, आणि अपराध्याला मारायची मुभा समाजाच्या रक्षणापुरती होती. समाजाचं रक्षण दुसऱ्या मार्गाने होत असेल तर ती मुभा आकसत जाते आणि तत्त्व आणखी घट्ट होतं. गर्भपात मान्य करायचा तर तेच तत्त्व मोडावं लागेल. म्हणजे जी शिकवण फाशी बंद करते तीच गर्भपाताचं दार बंद ठेवते, दोन्ही बदल एका दिशेने जात नाहीत. दिरांना ही भीती आहे का ते विचारा, आणि असेल तर हे सांगून बघा. मला असं वाटतं की 2018 चं वाक्य आणखी काळजीपूर्वक लिहायला हवं होतं, पण कॅथलिक म्हणून मी ते स्वीकारते आणि तसंच शिकवते.

आणि एक, इथे बाजूंची अदलाबदल होते ते लक्षात येतंय का? गर्भनिरोधनाचा विषय निघाला की पोपचं ऐका म्हणणारे मृत्युदंडावर म्हणतात हे पोपचं वैयक्तिक मत. आणि गर्भनिरोधन नाकारणारं पोपचं पत्र ‘हुमाने व्हीते’ 1968 मध्ये आलं तेव्हापासून सदसद्विवेकबुद्धीचा हवाला देत ते बाजूला ठेवणारे, पोप लिओंचं विमानातलं किंवा रस्त्यावरचं एक वाक्य मिळालं की विषय संपला म्हणतात. पत्रकारांशी बोललेलं वाक्य आणि कॅटेकिझममधलं वाक्य यांचा अधिकार सारखा नसतो, हे मिस्टरांना प्रेमाने सांगा. पण या वेळी दोन्ही एकाच बाजूला आहेत हेही खरं.

आता लॅटिन मिस्सा. दीर पोपला मानत नाहीत असं नुसत्या लॅटिन मिस्सेवरून अजिबात म्हणू नका, हा अन्याय आहे. व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये लॅटिन राखायलाच सांगितलं होतं आणि लोकभाषेला जागा द्यायला पण. नवी मिस्सा 1969 ला आली, तीसुद्धा लॅटिनमध्ये म्हणता येते. दीर जातात ती बहुतेक 1962 च्या पुस्तकाप्रमाणे होणारी जुनी मिस्सा. पोप बेनेडिक्टनी 2007 मध्ये ती कुठल्याही धर्मगुरूला मोकळी केली, म्हणाले की आधीच्या पिढ्यांना जे पवित्र होतं ते आपल्यालाही पवित्र आहे. 2021 च्या जुलैमध्ये पोप फ्रान्सिसनी ती पुन्हा बिशपांच्या परवानगीखाली आणली, धर्मग्रामाच्या चर्चमध्ये नको म्हटलं, 2023 मध्ये तर बिशपांनाही त्यासाठी रोमला विचारायला लावलं. कारण त्यांनी दिलं की ही मिस्सा परिषद नाकारण्याचं निमित्त होतेय. काही ठिकाणी होत होती, मी ऐकलीत तसली प्रवचनं. पण माझ्या ओळखीतली बहुतेक कुटुंबं तिथे शांततेसाठी जातात, लहान मुलांना गुडघ्यावर बसायला शिकवायला जातात, आणि त्यांना एका दिवसात जिममध्ये मिस्सेला जा म्हणून सांगितलं गेलं. त्यांना लागलं, आणि लागणारच. आपल्या आजीने म्हटलेल्या लॅटिन प्रार्थना वसईत अजून काही घरांत आठवतात, आणि साठच्या दशकानंतर मिस्सा मराठीत आली तेव्हा आनंदाने गायलेली पण तीच माणसं होती. दोन्ही प्रेमं एका माणसात असू शकतात. कल्याणकडे किंवा केरळात कोणी सिरो-मलबार, म्हणजे केरळातल्या पूर्वेकडच्या परंपरेच्या कॅथलिक चर्चचं, ओळखीचं असेल तर विचारा, एर्नाकुलममध्ये धर्मगुरूने वेदीकडे तोंड करायचं की लोकांकडे यावरून बॅसिलिका बंद ठेवावी लागली होती, आणि दोन्ही गट परंपराच सांगत होते.

एसएसपीएक्स मात्र वेगळी गोष्ट. आर्चबिशप लेफेव्र यांनी ती 1970 मध्ये स्थापली, आणि लोकांना वाटतं भांडण लॅटिनचं होतं, पण लेफेव्रनी लिटर्जीवरच्या, म्हणजे उपासनेवरच्या, 1963 च्या दस्तऐवजावर सही केली होती. त्यांचा खरा विरोध धर्मस्वातंत्र्याच्या शिकवणीला होता, सरकारने कोणावर धर्माची जबरदस्ती करू नये असं 1965 मध्ये परिषदेने म्हटलं, आणि त्यांच्या मते ते एकोणिसाव्या शतकातल्या पोपांच्या विरुद्ध जात होतं. परत तोच प्रश्न, शिकवण वाढते का. 1988 मध्ये त्यांनी पोपच्या परवानगीशिवाय चार बिशपांना दीक्षा दिली आणि बहिष्कृत झाले. त्या चौघांवरचा बहिष्कार 2009 मध्ये बेनेडिक्टनी उठवला. भारतात अल्पसंख्य म्हणून राहणाऱ्या कॅथलिकांना धर्मस्वातंत्र्याचं मोल वेगळं सांगायला नको, म्हणून मला लेफेव्रचं म्हणणं कधी पटलं नाही, त्यांचं लिटर्जीवरचं प्रेम कळतं तरी.

परंपरा आवडणारा म्हणजे गरिबांबद्दल कठोर आणि गरिबांसाठी झटणारा म्हणजे श्रद्धेत ढिला, हे समीकरण डोक्यातून काढा एवढं मुलांना नक्की सांगा. न्यूयॉर्कच्या डोरोथी डे बघा. तरुणपणी गर्भपात केलेली, त्याचं दुःख आयुष्यभर वागवलेली, 1933 मध्ये कॅथलिक वर्कर सुरू करून बेघरांबरोबर राहिलेली, प्रत्येक युद्धाला विरोध करून तुरुंगात गेलेली, आणि मिस्सा, जपमाळ, कुमसार (पापकबुली) यांत जराही ढिलाई न खपवणारी. तिला कुठल्या बाजूला बसवणार?

आपल्याकडे तर हे पक्षांचं भांडण कधी नव्हतंच. गर्भलिंगतपासणीविरुद्ध पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये केला, देशाने 1994 मध्ये, आणि त्यासाठी भांडणाऱ्या स्त्री-संघटना होत्या ज्यांना इथे कोणी प्रो-लाइफ म्हणणार नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी पाणी आणि झाडं वाचवायला उभे राहिले तेव्हा हा धर्माचा विषय आहे का असं आमच्या घरात कोणी विचारलं नाही. अमेरिकेत आल्यावर आपण इथल्या दोन पक्षांचे चष्मे घालतो आणि मग चर्चची शिकवण अर्धी-अर्धी वाटून घेतो. 2024 मध्ये रिपब्लिकन पक्षाने देशव्यापी गर्भपातबंदीची मागणी जाहीरनाम्यातून काढली आणि आयव्हीएफला (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराला) पाठिंबा लिहिला, जे चर्च 1987 पासून नाकारतंय, म्हणजे दिरांचा पक्षही त्यांच्या बाजूला पूर्ण उभा नाही. मिस्टरांच्या पक्षाबद्दल तर सांगायलाच नको.

हॉस्पिटलातलं एक सांगते, कारण हा भाग कोणी बोलत नाही आणि फोन मात्र याच विषयावर जास्त येतात. वसईहून मुलं विचारतात, पप्पांचा व्हेंटिलेटर काढला तर पाप लागेल का, आम्ही प्रो-लाइफ आहोत. 1957 मध्ये पोप पायस बारावे यांनी भूलतज्ज्ञांपुढे बोलताना स्पष्ट केलं होतं की असामान्य, झेपणार नाहीत असे उपाय करत राहायचं बंधन नाही. म्हणजे ज्याला जुन्या परंपरेचा शेवटचा पोप मानतात त्यानेच हे सांगितलंय. मरू देणं आणि मारणं वेगळं. अन्नपाणी साधारणपणे चालू ठेवायचं, हे जॉन पॉल दुसऱ्यांनी 2004 मध्ये सांगितलं, पण शरीर ते घेतच नसेल तर तिथेही जबरदस्ती नाही. वेदना कमी करणारं औषध द्यायला हरकत नाही. प्रत्येक केसमध्ये डॉक्टरांशी आणि धर्मगुरूंशी बोला, पण अपराधी वाटून वडिलांना आठवडेच्या आठवडे मशीनवर ठेवू नका.

आणि दुसरी बाजू. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाला ट्रायसोमी 18 हा गुणसूत्रांचा गंभीर दोष निघाला असं एक जोडपं आमच्याकडे आलं होतं. गर्भपाताचा सल्ला त्यांना बाहेर मिळालाच होता. त्यांनी बाळ जन्माला येऊ दिलं, ते काही तास जगलं, बाप्तिस्मा झाला. त्या महिन्यांत त्यांच्या घरी जेवण पोचवणाऱ्या बायका लॅटिन मिस्सेच्या होत्या. हॉस्पिटलच्या बिलासाठी पैसे जमवणारा आणि बापाला नोकरीत रजा मिळवून देणारा माणूस आमच्या सोशल जस्टिस कमिटीचा होता. त्या दोन गटांचं एरवी पटत नाही. तिथे पटलं. तुमचे दीर आणि मिस्टर दोघांना मी हेच सुचवेन की एखादं असं कुटुंब दोघांनी मिळून उचलावं, प्रेग्नन्सी सेंटरमधून नाव मिळतं, आणि त्या बाईला व्हिसाची अडचण असेल तर दोघांनाही एकमेकांची गरज पडेल.

एक गोष्ट दोघांनी विसरू नये, गर्भपात झालेली बाई कदाचित त्याच टेबलावर बसलेली असते आणि कोणाला माहीत नसतं. पोप फ्रान्सिसनी 2016 मध्ये सगळ्या धर्मगुरूंना या पापाची क्षमा द्यायचा अधिकार कायमचा दिला, बिशपकडे जावं लागत नाही. मुलांसमोर बोलताना हे वाक्य आधी यावं.

राहिला लग्नाचा प्रश्न. एसएसपीएक्सच्या धर्मगुरूंकडे कुमसार घेतलं तर ते वैध आहे, फ्रान्सिसनी 2015 मध्ये ती परवानगी दिली आणि पुढच्या वर्षी चालू ठेवली. लग्नासाठी मात्र आपोआप परवानगी नाही. 2017 च्या रोमच्या पत्राप्रमाणे स्थानिक बिशप एका धर्मप्रांतातल्या धर्मगुरूला वधूवरांची संमती घ्यायला पाठवू शकतात आणि मग सोसायटीचा धर्मगुरू मिस्सा करतो, किंवा तसा धर्मगुरू मिळतच नसेल तर बिशप सोसायटीच्याच धर्मगुरूला अधिकार देऊ शकतात. म्हणजे बिशपच्या ऑफिसची लेखी परवानगी हवी, नाहीतर लग्न चर्चच्या दृष्टीने अवैध ठरायचा धोका आहे. पुतण्याने तारीख आणि हॉल ठरवायच्या आधी धर्मप्रांताच्या चान्सरीत (बिशपच्या कार्यालयात) फोन करावा, सोसायटीच्या धर्मगुरूंनाही थेट विचारावं की तुम्ही परवानगी मागता का, बाप्तिस्म्याचा वसईचा दाखला ताजा मागवून घ्यावा कारण तो सहा महिन्यांपेक्षा जुना चालत नाही. आणि त्याला फक्त जुनी मिस्साच हवी असेल, सोसायटीच हवी असा हट्ट नसेल, तर एफएसएसपी या दुसऱ्या संस्थेचे धर्मगुरू रोमशी पूर्ण जोडलेले आहेत, तीच मिस्सा करतात, त्यांचं जवळपास कुठे धर्मग्राम आहे का ते आधी बघा.